दक्षिणेचं दार

१

वादळ येणार असं रेडिओने सांगितल्यावर डेल्फिनाने आधी रताळी उकडायला टाकली, मग लुडीची ओली दुपटी आत घेतली आणि मग दोर काढले. हा क्रम सासूने घालून दिलेला होता. साबतांग बेटावर वर्षाला चार-पाच वादळं ठरलेलीच, त्यामुळे तिथे कोणी भीत बसत नाही, कामाला लागतात. गवताने शाकारलेल्या छपरावरून दोर टाकायचे, अंगणात पुरलेल्या दगडांना आवळून बांधायचे. सुकवलेले मासे आत घ्यायचे. शेळी स्वयंपाकघरात आणून बांधायची. स्वयंपाकघर म्हणजे अंगणापलीकडचं वेगळं घर, राहत्या घरासारखंच दगडचुन्याचं, फक्त बुटकं.

डेल्फिनाचा नवरा नेमेसियो होडीचं इंजिन दुरुस्त करायला पलीकडच्या बेटावर बास्कोला गेला होता, तो तिकडेच अडकला. दोर आवळायला पुरुषमाणूस नाही म्हणून वरच्या आळीचा फाउस्तो आला. सगळा गाव त्याला मारान म्हणायचा, म्हणजे काका. दगडावर पाय रोवून दोर ओढता ओढता तो सासूला म्हणाला, "बासिलिया, या बास्कोच्या पोरीला डोळ्याचं सांगितलंस ना? नाहीतर वारा थांबला म्हणून बसेल गाणी गात."

"सांगून सांगून माझी जीभ झिजली," सासू म्हणाली.

डेल्फिनाला सगळं पाठ होतं. ती बास्कोची, सिमेंटच्या घरात वाढलेली, म्हणून हे लोक तिला अजून शाळेतल्या पोरीसारखं पढवत. वादळाचा डोळा बेटावरून जातो तेव्हा वारा एकदम पडतो. पंधरा मिनिटं मिळतात, फार तर अर्धा तास. डोळा सरला की वारा उलट्या बाजूने येतो, आणि आधीपेक्षा चवताळून येतो. तेव्हा त्या पंधरा मिनिटांत उत्तरेच्या खिडकीचा अडणा काढून दक्षिणेच्या दाराला लावायचा. आणि त्याच वेळात आळीतलं कोणीतरी घरोघर येऊन तान्ही पोरं आणि म्हातारी माणसं देवळात नेतं, कारण बेटावर देवळाइतकी जाड भिंत दुसरी नाही. आलेल्या माणसाला उंबऱ्यावर थांबवायचं नाही, कोण-कुठलं विचारायचं नाही. पोर द्यायचं आणि दार लावायचं. बोलण्यात गेलेल्या एका मिनिटाने माणसं गेलेली आहेत.

ती कुठल्या वादळात गेली तेही सासू सांगायची. तिच्याकडे सालं नव्हती, वादळं होती. तिचं लग्न सात होड्या गेल्या त्या वादळाच्या आदल्या महिन्यातलं. नेमेसियो रताळ्यांच्या वादळातला. त्या वर्षी भाताचा दाणा राहिला नाही, सहा महिने गावाने नुसती रताळी खाल्ली, म्हणून ते रताळ्यांचं. शाळेचं छप्पर समुद्रात सापडलं ते वेगळं, आणि विहिरी खारट झाल्या ते वेगळं. लुडीला सातवा महिना होता, आणि तिच्या नावावर अजून एकही वादळ नव्हतं. सासूला यात काहीतरी कमी वाटायचं. डेल्फिनाला मात्र वाटायचं, नसू दे. माझ्या पोरीला साध्या तारखेची राहू दे.



२

वारा पहाटे सुरू झाला, उत्तरेकडून. उजाडताना सासू चुलीतला विस्तव राखायला आणि शेळीला बघायला म्हणून स्वयंपाकघरात गेली, आणि तेवढ्यात वारा इतका वाढला की तिला अंगण ओलांडून परत येता येईना. तिने पलीकडून दोनदा भांडं वाजवलं. म्हणजे मी बरी आहे, तू तिथेच राहा. डेल्फिनानेही भांडं वाजवलं, पण ते तिचं तिलाच नीट ऐकू आलं नाही.

घर मिट्ट बंद. कंदील एक. लुडी वाशाला टांगलेल्या झोळीत झोपली होती, उत्तरेच्या भिंतीपाशी, कारण त्या बाजूला छपरातून पाणी येत नसे. छप्पर दोरांखाली वरखाली होत होतं, धापा टाकणाऱ्या जनावराच्या बरगड्यांसारखं. डेल्फिना झोळीखाली जमिनीवर बसली आणि झोळीची दोरी तिने मनगटाला गुंडाळून घेतली. देवाचं नाव घेत होती, मध्येच चुकत होती, परत पहिल्यापासून घेत होती.

नऊच्या सुमाराला वारा थांबला.

कमी होत होत नाही थांबला. भांड्यावर झाकण ठेवावं तसा थांबला. इतकी शांतता झाली की कंदिलाची वात जळताना ऐकू यायला लागली. डेल्फिना क्षणभर तशीच बसून राहिली, मग तिला आठवलं, डोळा. ती ताडकन उठली. उत्तरेच्या खिडकीचा अडणा जड होता, तो दोन्ही हातांनी काढून तिने फरफटत दक्षिणेच्या दारापाशी आणला. लावायच्या आधी दार उघडून बाहेर बघायचं, हेही शिकवलेलंच होतं, म्हणून तिने दार उघडलं.

दारात बाई उभी होती.

बेटावरच्या सगळ्या बायका घालतात तसलं तंतूंचं इरलं तिने डोक्यावरून पाठभर घेतलेलं, चेहरा इरल्याच्या सावलीत. डेल्फिनाला वाटलं वरच्या आळीची हर्मिनिया असेल. खरं म्हणजे तिने नीट बघितलंच नाही. तिचे डोळे त्या बाईच्या पुढे केलेल्या हातांवर होते. हात तरुण होते. ती मागे वळली, झोळीतून लुडीला काढलं, दुपट्यात गुंडाळलं आणि दिलं. बाईने पोर बरोबर घेतलं, एक हात मानेखाली, एक ढुंगणाखाली. लुडी परक्या माणसाने नुसतं बघितलं तरी भोकाड पसरायची. त्या दिवशी तिने हूं की चूं केलं नाही. बाईच्या गळ्याशी तोंड नेऊन हुंगल्यासारखं केलं आणि डोळे मिटले.

"लवकर जा," डेल्फिना एवढंच म्हणाली.

दार लावून अडणा सरकवताना तिच्या मनात आलं की चार तास पाऊस कोसळतोय आणि त्या इरल्यावरून एक थेंबही गळत नव्हता. पण हात कामात होते. ते मनात आलं आणि गेलं.

३

मग ती दाराला पाठ लावून बसली आणि वाट बघायला लागली. वारा आता दक्षिणेकडून येणार. पाठीला दार थरथरलेलं कळणार. पोर देवळात पोचलं असेल. घरापासून देऊळ किती, दोनशे पावलं. तिने दोनशे मोजले, मग बाईच्या अंगावर पोर आहे म्हणून आणखी शंभर मोजले.

वारा आला तो उत्तरेकडूनच.

डेल्फिनाला आधी समजेना. ती दाराला पाठ लावून बसलेली, आणि दार अगदी गप्प. समोरची उत्तरेची खिडकी मात्र आत-बाहेर व्हायला लागली, एकदा, दोनदा. डोळ्यानंतर वारा उलटा येतो हे बेटावरच्या रांगत्या पोरालाही ठाऊक. मग हा त्याच बाजूने कसा? आपण दिशा विसरलो का? उत्तर कुठली? तिने भिंतीवरच्या कोनाड्याकडे बघून दिशा लावली. उत्तर उत्तरेलाच होती. आता अडणा परत तिकडे न्यायला हवा होता. तो उचलायला ती उठली, आणि खिडकी फुटली.

पुढचं सगळं एकदम झालं. कंदील विझला. वारा आत शिरला आणि त्याने छप्पर आतून उचललं. उत्तरेकडचा दोर तुटला, गवताचे पेंडे उडाले, करड्या उजेडाची एक फट पडली, आणि त्या उजेडात तिने वासा खाली येताना बघितला. ज्याला झोळी होती तोच. तो झोळी घेऊन खाली आला आणि सकाळभर ती जिथे बसलेली होती त्या जागी जमिनीत रुतून उभा राहिला.

ती दक्षिणेच्या दाराच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली. भिजत बसली. त्या सगळ्या वेळात तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: लुडी देवळात आहे. लुडी देवळात आहे.

४

दुपारी वारा ओसरला तेव्हा तो पूर्वेवरून फिरत दक्षिणेला गेला होता, हळूहळू, दिवसभरात फिरतो तसा. डेल्फिना अडणा काढून बाहेर पडली आणि तशीच अनवाणी देवळाकडे धावली. रस्त्यात पत्रे, फांद्या, कोणाची तरी मेलेली कोंबडी. देवळाचं दार बंद होतं. तिने हाका मारून पोर मागितलं तेव्हा सेवेकरी आतून कडी काढून आला. म्हणाला, कोणीच आलं नाही आज. येणार कसं, डोळा कुठे आला? वारा एक क्षण थांबला नाही. डोळा दक्षिणेकडून गेला, समुद्रावरून, आत्ताच रेडिओवर सांगितलं.

डेल्फिना वरच्या आळीला धावली. हर्मिनिया तर आपल्या घरात भिजलेला तांदूळ पसरत होती. पहाटेपासून उंबऱ्याबाहेर पाय टाकलेला नव्हता. डेल्फिना घराकडे परत कशी आली ते तिला नंतर आठवेना. अंगणात आली तेव्हा तिच्या तोंडून आवाज येत होता, माणसासारखा नाही असा, आणि स्वयंपाकघराच्या दारात सासू उभी होती. सासूच्या कडेवर लुडी होती.

कोरडी. लाल गालांची. चुलीजवळची ऊब लागून घामेजलेली.

डेल्फिनाने पोर हिसकावलंच. नाक, कान, बोटं, पायाची बोटं, मानेवरचा तीळ, सगळं चाचपलं. सगळं होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ती खाली बसली.

"आता रडतेस," सासू म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा टोचत नव्हता. "मघाशी एवढ्या वाऱ्यात अंगण ओलांडून आलीस तेव्हा नाही रडलीस. मी तर म्हटलं, वेड लागलं पोरीला. पण बरी सुचली तुला बुद्धी. तो वासा बघितलास?"

डेल्फिनाने विचारलं, कोण आलं?

"कोण म्हणजे? तूच की. पोर छातीशी धरून आलीस, इथे चुलीपाशी बसलीस, तिला पाजलंस. माझ्याशी चार शब्द बोललीस. दोन वर्षांत पहिल्यांदा मला इना म्हणालीस." इना म्हणजे आई. सासूने नजर दुसरीकडे वळवली, लाजल्यासारखी. "मग म्हणालीस, घराकडे बघून येते. मी अडवलं, ऐकलं नाहीस."

डेल्फिनाने लुडीला पाजायला घेतलं. पहाटेनंतर तिने पाजलं नव्हतं. छाती दगडासारखी झाली होती, झगा दुधाने भिजून, वाळून, परत भिजला होता. हात लावला तरी कळ येत होती. लुडीने तोंड फिरवलं. तिचं पोट तट्ट भरलेलं होतं, आणि ओठाच्या कोपऱ्यात पांढरं दूध सुकलं होतं.

५

गावाने निकाल दोन दिवसांत लावला. वादळ माणसाचं डोकं फिरवतं, हे काही नवीन नाही. भीतीने पोरीला वारा थांबल्याचा भास झाला, तिने डोळा समजून अडणा काढला, मग पोर उचलून सासूकडे नेलं, परत आली, आणि हे सगळं विसरली. वेडेपणा म्हणायचा की शहाणपणा ते ज्याचं त्याने ठरवावं, पण पोर वाचलं. विहिरीवर बायका हसायच्या. डेल्फिना, आज डोळा आहे का गं? असेल तर माझीही घागर नेऊन दे घरी.

नेमेसियो चौथ्या दिवशी आला. त्याने रुतलेला वासा बघितला, झोळीच्या चिंध्या बघितल्या. मग बायकोला म्हणाला, "तूच नेलंस. दुसरं कोण नेणार? कशाला डोकं शिणवतेस?"

डेल्फिनाला ते मान्य करायचं होतं. जीव तोडून मान्य करायचं होतं. मीच नेलं असेन तर सगळं ठीक होतं; मग कोणी नव्हतंच, मग माझी पोर माझ्याच हातात होती. ती स्वतःला समजवायची, भीतीत माणूस काय काय करतं. दुपारी जेवताना तिला ते पटायचं. भांडी घासताना सुटायचं. पाजलं असतं तर छाती तशी झाली असती का? पण मग भरून येतं ना परत, चार तास झाले होते. झाले होते का चार तास? आणि तिचं इरलं खुंटीला होतं, कोरडं. पण सासू म्हणते, इरलं घालूनच आली होतीस. खिडकी फुटल्यावर घरातलं सगळं भिजलं, इरलंही भिजलं असणार. मग ते कोरडं होतं, हे आपण बघितलं कधी?

काहीच हाताला लागेना. शेवटी ती जे करेल ते मोठ्याने बोलायला लागली, म्हणजे नंतर लक्षात राहील. आता मी पाणी भरतेय. आता मी लुडीला निजवतेय.

सासू मात्र बदलली होती. मासा वाढताना डोक्याकडचा तुकडा डेल्फिनाला द्यायची. त्या दिवशी चुलीपाशी बसून तू म्हणालीस ना, असं काहीतरी बोलायला लागायची, आणि डेल्फिना मान डोलवायची. काय म्हणाले होते, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही.

एक दिवस मारान फाउस्तो नवा दोर बांधायला आला. त्या दिवशी काही दिसलं का, असं त्याला तिने विचारलंच, खाली मान घालून, लुडीला मांडीवर घेऊन. तो थोडा वेळ दोराशीच खेळत राहिला. मग म्हणाला की त्यानेही बघितलं होतं, आपल्या खिडकीच्या फटीतून. बाई पोर घेऊन अंगणातून गेली. अशा वाऱ्यात माणूस कमरेत वाकून चालतं, पण ती सरळ चालत होती, बाजारातून आल्यासारखी. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून एकटी बाहेर आली.

"पण घराकडे नाही आलीस तू," तो म्हणाला. "टेकडीकडे गेलीस. मी माझ्या म्हातारीला म्हटलं, ही गेली आता. मग परत घरात कुठून आलीस, पोरी?"

डेल्फिनाने लुडीला घट्ट धरलं आणि म्हटलं, आठवत नाही. मारानने गाठ मारली, ओढून बघितली. परत तो तो विषय कधी काढणार नाही, हे दोघांनाही कळलं.

६

तीन आठवड्यांनी छप्पर शाकारायचं ठरलं. बेटावर हे काम एकट्याचं नसतं. आळीतलं प्रत्येक माणूस येतं, आज तुझं घर, उद्या माझं. सकाळीच सगळे गवत कापायला टेकडीवर गेले, नेमेसियोही. अंगणात सासू लसणाच्या जुड्या बांधत बसली, आणि डेल्फिना लुडीला घेऊन घरात. पाठीशी दक्षिणेचं दार, ओढून घेतलेलं. वर अर्धं आभाळ, अर्धा ताडपत्रीचा तुकडा.

"आता मी लुडीला पाजतेय," ती म्हणाली.

लुडी चांगली ओढून पीत होती. एक हात आईच्या गळ्यातल्या क्रुसाशी. डेल्फिनाला किती दिवसांनी बरं वाटत होतं. तिने असाही हिशेब केला, की जे कोणी होतं त्याने पोर वाचवलं, मारलं नाही. वासा त्याच जागी पडला. मग भ्यायचं कशाला? आणि लगेच तिला वाटलं, वाचवलं कोणासाठी?

ताडपत्री फडफडत होती ती थांबली.

या बेटावर वारा कधीच पुरता थांबत नाही. उन्हाळ्याच्या दुपारीही गवत हलतं, कुठेतरी पत्रा वाजतो. डेल्फिनाने मान वर केली. ताडपत्री लोंबत होती. टेकडीवरून विळ्यांचा, हाकांचा आवाज येत होता तो येईना. लसणाची सालं चुरडल्याचा आवाज तेवढा अंगणातून, अगदी कानाशी असल्यासारखा.

मग तोही थांबला, आणि सासू बोलली. रोजच्या, अघळपघळ आवाजात.

"अगं, दारात काय उभी राहिलीस? ऊन लागेल. जा की आत."

डेल्फिना हलली नाही. बाहेरून काही उत्तर आलं असावं. तिला ते ऐकू आलं नाही. सासू मात्र हसली. दोन वर्षांत डेल्फिनाने हे हसू ऐकलं नव्हतं. आईने लेकीच्या बोलण्यावर हसावं, तसलं.

लुडीने तोंडातलं सोडलं. दूध तिच्या हनुवटीवरून ओघळलं. तिने मान वळवली, आईच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं, आणि दोन्ही हात पुढे केले.

डेल्फिनाने ते हात धरून खाली घेतले, आपल्या छातीशी दाबले. पाठ दाराला लावली, टाचा जमिनीत रोवल्या. तिला वाटलं, आता विचार करत बसले तर मलाही खरं वाटायला लागेल की मी बाहेरच आहे. म्हणून ती ओरडली, घसा फाटेपर्यंत, "मी आत आहे. ऐकताय का? मी घरात आहे. लुडी माझ्यापाशी आहे."

अंगणात काही पडलं. लसणाची जुडी असेल.

दाराच्या फळीपलीकडे, तिच्या पाठीच्या अगदी जवळ, कोणीतरी श्वास घेत होतं, न घाईचा, थांबायची सवय असलेला. मग सासूचा आवाज आला. आधीपेक्षा लांबून आला, आणि इतका हळू की वारा असता तर ऐकूही आला नसता.

"दार उघडू नकोस, पोरी. मी काही म्हटलं तरी उघडू नकोस."